दूध, दही-साखर आणि माझी रिकामी होणारी जागा

जाहीर निवेदन.

भोर आणि वेल्हे तालुक्यांतील समस्त नातेवाईक, शेजारी, हितचिंतक आणि माझ्या तब्येतीकडे आशेने डोळे लावून बसलेल्या सर्व मान्यवरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एसटीतले कंडक्टर, मुक्काम वरवे बुद्रुक, हे वारलेले नाहीत. त्यांच्या पोटात गाठ नाही, व्रण नाही, कुणी केलेली करणी नाही. त्यांना दूध पचत नाही. तरी ज्यांनी रजा टाकली असेल त्यांनी ती रद्द करावी. ज्यांनी माझ्याविषयी चार चांगले शब्द तयार ठेवले असतील त्यांनी ते मी जिवंत असतानाच येऊन बोलावेत. चहा मिळेल. कोरा.

निवेदन संपलं. आता मोकळेपणाने बोलतो.

हे मी लिहितो आहे ते माझ्यासारख्यांसाठी. दूध पोटात गेलं की ज्यांच्या आत ढोल-ताशा सुरू होतो आणि जे लाजेने कुणाला सांगत नाहीत, असे आपल्या भागात पुष्कळ असणार. पोटाच्या दुखण्याला प्रतिष्ठा नाही. छातीत कळ आली की लोक चपला काढून आत येतात, हळू आवाजात बोलतात. जुलाबाच्या माणसाला दारातूनच विचारतात, "आज किती?" मी जवळजवळ वर्षभर या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. शेवटी शेवटी तर कुणी विचारायच्या आत सांगायचो.

मुक्कामाची गाडी

आमची गाडी पासलीला मुक्कामाला असते. संध्याकाळी पोचायची, सकाळी पहिल्या फेरीला निघायची. मी कंडक्टर, बबन ड्रायव्हर. डोंगरातल्या गावांची एक रीत आहे. मुक्कामाच्या गाडीची माणसं गाव उपाशी झोपू देत नाही. आज या घरचं जेवण, उद्या त्या घरचं, अशी पाळी ठरलेली. पण जेवण कुणाचंही असो, त्यानंतर दुधाचा तांब्या यायचा तो ज्ञानूअण्णांकडूनच.

ज्ञानूअण्णा म्हणजे पासलीतलं वजनदार माणूस. भाताची खाचरं, दारात म्हशी, आणि लग्नाची एक मुलगी, कोमल. माणूस इतका मर्यादशील, की माझ्या गाडीत इतकी वर्षं बसला पण सुट्ट्या पैशांवरूनसुद्धा आवाज चढवला नाही. तांब्या घेऊन स्वतः यायचे, समोर उकिडवे बसायचे आणि आम्ही तळ दाखवेपर्यंत उठायचे नाहीत.

"घ्या मास्तर. म्हशीनं तुमच्या नावानंच पान्हा सोडलाय."

याला नाही कसं म्हणणार? माणसाचा अपमान माणूस विसरतो. म्हशीचा अपमान गाव विसरत नाही.

आणि मला दूध आधी पचतही होतं. पन्नाशी ओलांडली आणि पोटाने कसलीही नोटीस न देता संप पुकारला. रात्री तांब्या रिकामा करायचा आणि सकाळी गाडी घाटात शिरली की पोटात कुणीतरी डबल बेल द्यायचं. मी सिंगल बेल मारायचो, बबन करकचून ब्रेक लावायचा, आणि अख्ख्या गाडीच्या देखत मी तिकिटाची मशीन पहिल्या सीटवरच्या म्हातारीच्या मांडीवर ठेवून कारवीच्या झुडपांत पळायचो.

लोकांनी सहानुभूती दाखवली असेल असं वाटतं का? पहिल्या आठवड्यात दाखवली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्या जागेला नाव दिलं, मास्तरचं वळण. तिसऱ्या आठवड्यात एक कॉलेजचा पोरगा गाडीत चढला आणि सरळ चेहऱ्याने म्हणाला, "एक मास्तरवळण द्या." मी तिकीट दिलं नाही. बबन स्टिअरिंगवर डोकं टेकून इतका हसला की हॉर्न वाजला.

मी वाळत चाललो. खाकी शर्ट अंगावर दोरीवर टाकल्यासारखा दिसायला लागला. भीतीने जेवण कमी केलं, तर आणखी वाळलो. पासलीकरांना वाईट वाटलं. माणूस खंगला तर त्याला काय देतात? दूध देतात. एक तांब्या होता, त्याचे दोन झाले. ज्ञानूअण्णा त्यात हळद घालायला लागले. मग तूप. एकदा म्हैस व्याली तेव्हा देवाला दाखवून झाल्यावर पहिला खरवस माझ्यासाठी आला. वरून वेलची.

सांगतो, शत्रूने इतक्या प्रेमाने मारलं नसतं.

तुकडा

भोरात दोन दवाखाने झाले. एकाने जंत सांगितले, दुसऱ्याने आमांश. दोघांनीही सांगितलं, "हलकं खा. दूध-भात खा." मी आज्ञाधारक माणूस. दूध-भात खाल्ला.

शेवटी पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी खालून दुर्बीण घातली. त्या प्रकाराचं वर्णन मी करणार नाही, कारण ज्यांना करून घ्यायची आहे ते पळून जातील. एवढंच सांगतो, आदल्या दिवशी पोट साफ करायला जे औषध पाजतात त्याने मला काही नवीन वाटलं नाही. तिथल्या सिस्टरला आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, "ताई, मी मुरलेला आहे."

दुर्बीण झाल्यावर बाई म्हणाल्या, "आत वरवर ठीक दिसतंय. एक छोटा तुकडा तपासायला घेतलाय, नेहमी घेतो. आणि पुढच्या आठवड्यात दुधाची एक तपासणी करू. दुधातली साखर तुम्हाला पचते का ते श्वासावरून कळतं."

माझ्या शेजारी माझी बायको शालन बसली होती. या एवढ्या बोलण्यातला तिने एकच शब्द उचलला. तुकडा.

आमच्याकडे तुकडा तपासायला गेला म्हणजे माणूस अर्धा गेला. बाकी अर्धा रिपोर्टबरोबर जातो. येताना गाडीत शालनने मला खिडकीची जागा दिली. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने मला खिडकी दिली नव्हती. कंडक्टरला कशाला हवी खिडकी, म्हणायची. तिने न मागता खिडकी दिली आणि तेव्हा माझ्या पोटात पहिल्यांदा दुधाशिवाय गोळा आला. मला कळलं, मी मरतोय.

बाहेर खेड-शिवापूरचा टोलनाका गेला, ऊस गेला, धाबे गेले. मी सगळं असं बघत होतो जणू सगळं मला टाटा करतंय. शालन म्हणाली, "काच लावू का? वारं लागंल." मी म्हटलं, "राहू दे." मग ती पिशवीत तोंड घालून किल्ल्या शोधायला लागली. वरव्यापर्यंत शोधत होती. किल्ल्या तिच्या हातातच होत्या.

मामाचा सल्ला

इथे माझ्या मुलाची ओळख करून देतो. सागर. शिकलेला, सरळ, दिसायला आईवर गेलेला. महामार्गाच्या कडेला एका कारखान्यात कंत्राटावर आहे. आजच्या काळात कंत्राटी मुलाला मुलगी मिळणं म्हणजे मुक्कामाच्या गाडीला एसी लागणं. त्याला कोमल आवडत होती, कोमललाही तो नापसंत नव्हता. शालनचा भाऊ विलास हे स्थळ घेऊन पासलीला गेला होता. ज्ञानूअण्णांनी पाट मांडला, चहा दिला, आणि मर्यादेने सांगितलं, "पोरगं सोन्यासारखं हाय. पण कंत्राटी सोनं आमाला नको. पर्मनंट व्हऊ द्या, मग बोलू."

तर तुकड्याच्या दुसऱ्या दिवशी हा विलास घरी आला. मी बाहेरच्या खोलीत पांघरूण घेऊन पडलो होतो. त्याला वाटलं झोपलोय. स्वयंपाकघरातून आवाज येत होता.

"ताई, वाईट वाटून घेऊ नगं. पण एक बाजू बघ. दाजी सर्विसमदी गेले, तर सागर अनुकंपावर लागतोय. पर्मनंट. बापाच्या जागी पोरगा. रिटायर हुऊन गेले तर काय बी न्हाई."

शालनची पळी कढईत वाजत राहिली.

"म्या म्हणत न्हाई जावं म्हणून," विलास म्हणाला. "पण जायचंच असंल, तर माणसानं टायमात जावं."

मी कान टवकारले. आता शालन याच्या डोक्यात पळी घालणार, म्हटलं. तिने पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली,

"हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."

पांघरुणात मी हसू दाबलं. खोटं कशाला बोलू, थोडं रडूही दाबलं. पण खरं सांगतो, मला विलासचा राग आला नाही. तो बोलत होता त्यात चूक काही नव्हती. बाप म्हणून मी सागरला आजवर काय दिलं होतं? जुनी सायकल आणि माझं नाक. आता माझ्याकडून त्याला कायमची नोकरी आणि बायको दोन्ही मिळणार होत्या, आणि त्यासाठी मला काही करायचंही नव्हतं. फक्त पडून राहायचं आणि वेळेत निघायचं. एसटीत इतकी वर्षं काढली, वेळेत निघणं काही मला कधी जमलं नव्हतं.

हातावरचा शकुन

दुधाच्या तपासणीचे नियम कडक. ज्यांना करायची आहे त्यांनी नीट ऐका, आम्ही ऐकले नव्हते. आदल्या दिवशी नुसता भात, मीठ. डाळ नाही, भाजी नाही, दूध-दही नाही, तंबाखू नाही. रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही. शालनने माझी तंबाखूची पुडी कुठे लपवली ते आजही सांगत नाही.

सकाळी मी उपाशी, स्वच्छ, पोट रिकामं, चेहरा हुतात्म्याचा. उंबरठ्यावर आलो तशी शालन आतून वाटी घेऊन आली. मी हात पुढे केला. तिने तळहातावर दही-साखर घातली. मी चाटली. देवाच्या पाया पडलो. निघालो.

आता तुम्ही म्हणाल, ही माणसं वेडी आहेत का? नाही. सागर परीक्षेला निघाला, दही-साखर. मुलाखतीला निघाला, दही-साखर. चुलत्याचा खटला होता, दही-साखर. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर आपण ती घालतो. ते खाणं नसतं. ते दार ओढून घेण्यासारखं असतं, निघताना हात आपोआप करतो. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दवाखान्यात एक मुलगी होती, हातात नळी, समोर मशीन. "काका, सकाळपासून काही खाल्लं का?"

"काही नाही," मी म्हटलं.

शालन अभिमानाने म्हणाली, "रातीपासून थेंब न्हाई. नुसती दही-साखर."

मुलीने नळी खाली ठेवली.

"मावशी, दूध पचतं का ते बघायचंय. आणि तुम्ही यांना दही खायला घालून आणलंत?"

"खायला न्हाई घातलं. हातावर दिलं."

"मग हातावरून कुठं गेलं?"

शालनने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. एवढ्या गंभीर विचारात मी तिला क्वचित पाहिलं आहे.

मुलीने पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. "त्या दिवशी शकुन घरीच ठेवा," म्हणाली.

मशीनने परत पाठवलं

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार नाही. थोडासा आहे.

स्टँडवर बबन भेटला. "झाली का तपासणी?"

"नाही रे. परत पाठवलं."

मी एवढंच बोललो, कारण दही-साखरेची गोष्ट बबनला सांगितली असती तर ती पुढच्या वळणापर्यंत गेली असती. पण न सांगितलेली गोष्ट त्याहून लांब गेली. नसरापुरात लोक म्हणाले, मशीनने परत पाठवलं. वेल्ह्यात म्हणाले, डॉक्टरांनी हात टेकले. पासलीत गाडी पोचली तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या, आणि मी रजेवर असल्यामुळे बबनच्याच गळ्यात पडून रडल्या. बबनने त्यांना थांबवलं नाही. चांगलं जेवण मिळालं म्हणे.

मग भेटायला माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने येत नाहीत. डोंगरातनं येणारा माणूस काय आणणार? जे घरात आहे ते. किटली, बरणी, तांब्या, प्लास्टिकची बाटली. आमच्या घरात त्या आठवड्यात जितकं दूध आलं तितकं गावच्या डेअरीत आलं नसेल. आणि प्रत्येक जण समोर बसून बघायचा. एक घोट. आणखी एक. "आमच्या गाईचं हाय, हे बाधत न्हाई." मी घोट घ्यायचो. ते जायच्या आत मी परसात पळायचो. ते एकमेकांकडे बघून मान हलवायचे. पुरावा मिळाला.

शालन बादली घेऊन मागे यायची. या आजारात मला जी काही दया मिळाली ती त्या निळ्या बादलीत होती. बाकी सगळ्यांनी तोंडाने दिली.

आणि मी? मरणारा माणूस म्हणून मी उत्तम काम केलं, हे मला सांगायलाच हवं. डोळे अर्धे मिटायचे. वाक्य मध्येच सोडायचं. "सागर... तुझ्या आईला..." आणि थांबायचं. सगळे पुढे वाकायचे. मी पाणी मागायचो. विलासला मी जवळ बोलावलं आणि क्षीण आवाजात म्हणालो, "माझी एकच शेवटची इच्छा आहे. तू मिशी काढ."

त्याची मिशी म्हणजे पाव्हण्यांत नाव होतं. दोन्ही बाजूंनी वर वळवलेली. "दाजी, मिशी कशापायी?"

"नवस आहे," मी म्हटलं आणि डोळे मिटले.

काढली बिचाऱ्याने. खाली ओठच नव्हता. शालन तोंडावर पदर घेऊन आत पळाली, आणि बाहेर बसलेल्या बायकांना वाटलं हुंदका आवरत नाही.

त्याच आठवड्यात ज्ञानूअण्णा आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत बसले, जसं विकायला काढलेल्या बैलाच्या पायांकडे बघतात. मग म्हणाले, "मास्तर, आता लांबण नको. तुमच्या डोळ्यादेखत पोरांचं हुऊन जाऊ द्या. कोमल तुमची झाली असं समजा."

पर्मनंटचं नाव त्यांनी काढलं नाही. कुणीच काढलं नाही. ते खोलीत सगळ्यांच्या मध्ये बसलं होतं, आणि सगळे त्याच्या बाजूने वळसा घालून बोलत होते. विलासची उघडी पडलेली मिशीची जागा समाधानाने थरथरत होती.

सगळे गेल्यावर सागर माझे पाय चेपायला बसला. एका हाताने चेपत होता, दुसऱ्या हाताने मोबाईलवर कोमलला लिहीत होता. मग मोबाईल उलटा ठेवला.

"पप्पा, मी नको म्हणून सांगू का त्यांना?"

"का?"

"असलं... बरं वाटत न्हाई."

"मुलगी आवडते ना?"

"लई आवडते."

"मग गप बस आणि मला मरू दे."

तो हसला नाही. त्याने दोन्ही हातांनी पाय चेपायला सुरुवात केली, जोरात, दुखेपर्यंत. मी दिव्याकडे बघत राहिलो. आठवडाभर मी मरणाचं सोंग करत होतो ते सगळ्यांना खरं वाटत होतं. सोंगाच्या खाली मी खरोखर घाबरलेलो होतो ते त्या एकट्या पोराच्या हाताला लागलं असावं.

फुंकर

दुसऱ्या खेपेला शालनने दही-साखर स्वतःच खाल्ली. शकुन वाया जाऊ नये म्हणून.

तपासणी अशी असते. आधी नळीत फुंकायचं. मग पाण्यात विरघळवलेली दुधातली साखर प्यायची, पांचट गोड. मग बसून राहायचं आणि दर अर्ध्या तासाने फुंकायचं. दूध पचलं तर आकडा खाली राहतो. पचलं नाही तर पोटातला वायू श्वासात येतो आणि आकडा चढतो. दुखत नाही, टोचत नाही. फक्त लाज सोबत आणू नये, तिला बसायला जागा नसते.

पहिल्या फुंकरीला काही नाही. दुसरीलाही विशेष नाही. मी पडलेल्या चेहऱ्याने शालनकडे पाहिलं. म्हणजे दूध नव्हे. म्हणजे तुकडाच. समोरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्याचा काटा पुढे जाताना थोडा मागे यायचा.

मग पोटात गडगडलं. असं, की समोर बसलेल्या एका बाईने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मी पोट धरून वाकलो. मुलगी म्हणाली, "काका, आता फुंका." मी फुंकलं. आकडा चढला. पुढच्या फुंकरीला आणखी चढला. पोटात कळा, कपाळावर घाम, एकुलत्या संडासाची कडी आतून लागलेली, आणि मी दारावर हात आपटत आनंदाने हसतोय. आतून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "कुणाला एवढी मजा येतेय?"

दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोन कागद समोर ठेवले. "तुकड्यात काही नाही. स्वच्छ आहे. आणि हा आकडा बघा. दूध तुम्हाला अजिबात पचत नाही. दूध बंद करा, खवा बंद, पेढे बंद. थोडं ताक जमतं का ते पुढे बघू. बाकी मजेत जगा."

शालनने पिशवी उचलली आणि माझ्या दंडावर मारली. मग पुन्हा मारली. "वरीसभर बादल्या उचलल्या म्या," ती म्हणाली, "दुधापायी?" आणि तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. डॉक्टरीणबाईंनी तिला पाणी दिलं. मला कुणी दिलं नाही.

बाहेर आम्ही मिसळ खाल्ली. मी दोन पाव जास्त मागितले. कोरा चहा घेताना शालन म्हणाली, "ज्ञानूअण्णांना कधी सांगायचं?"

"लग्न लागल्यावर."

तिने विचार केला. "तवर रोज मरायचं?"

"मला सवय झाली आहे."

"मला जमायचं न्हाई. विलासचं तोंड बघितलं की मला हसू येतं."

आता कसं आहे

आता बरा आहे. वजन भरलं. गाडीवर परत रुजू झालो. पासलीत मुक्कामाला असलो की दुधाचा तांब्या एकट्या बबनला जातो, आणि त्याच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली आहेत. माझ्यासारख्यांना एवढंच सांगतो. पोटाला लाजू नका. तपासणीला जाताना हात कोरडा ठेवा. बिस्किटांत, लग्नातल्या भाज्यांत, हलवायाच्या प्रत्येक वस्तूत दूध दबा धरून बसलेलं असतं, विचारून खा. आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेलं प्रेम मांजराला पाजा. आमचं मांजर गुटगुटीत झालं आहे.

लग्नाचं विचाराल, तर अजून झालेलं नाही. ज्ञानूअण्णा विचार करून सांगतो म्हणाले, ते अजून विचार करत आहेत. सागर आणि कोमल मोबाईलवर बोलत असतात. पोरांना विचार करायची एवढी सवय नाही, त्यामुळे मला थोडी आशा आहे.

ज्या दिवशी अण्णा विचाराला लागले तो दिवस तेवढा सांगायचा राहिला. मिसळीच्या दुसऱ्याच दिवशी ज्ञानूअण्णा साखरपुड्याची तारीख धरायला आले. विलास होता, शालन दारात, सागर भिंतीला टेकून. मी झपाट्याने पांघरूण ओढलं आणि डोळे अर्धे मिटले. शालनने ओठ चावला होता. अण्णांनी विचारलं, "मास्तर, आज कसं वाटतंय?" मी एक सुंदर, लांब उसासा सोडला. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम. लग्नापर्यंत सहज पुरला असता.

पण सागर पुढे आला. माझ्या पांघरुणाचं टोक धरून त्याने ते पायापर्यंत ओढलं.

"अण्णा, पप्पांना काय बी झालेलं न्हाई. कालच रिपोर्ट आलाय. त्यांना दूध पचत न्हाई, बास. मी कंत्राटी हाय आणि कंत्राटीच ऱ्हाणार. तुमी काय ते ठरवा."

विलासने कपाळाला हात लावला. मी उठून बसलो, आता पडून राहण्यात अर्थ नव्हता. बसल्या बसल्या म्हटलं, "बसा अण्णा, कोरा चहा घेऊ."

ज्ञानूअण्णा माझ्याकडे बघत राहिले. माझे गाल बघितले, हात बघितले, पाय बघितले. आयुष्यात कुणाला वाकडा शब्द न बोललेला तो मर्यादशील माणूस. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"म्हंजे मास्तर, तुमी आता रिटायर हुईस्तवर जगणार?"